फक्त जमेची वही

५ डिसेंबर २०२५ची सकाळ. निफाडची थंडी नाशकात उतरली होती. टोरांटोत मात्र अजून गुरुवारची रात्रच सुरू होती. एनबीए या अमेरिकी बास्केटबॉल लीगचा सामना, लेकर्स आणि रॅप्टर्स १२०-१२० असे बरोबरीत, शेवटचे काही सेकंद उरलेले आणि चेंडू लेकर्सच्या लेब्रॉन जेम्सच्या हातात. त्या दिवशी त्याचा हात अजिबात बसत नव्हता. १७ पैकी ४ नेम, एकूण आठ गुण. सलग १,२९७ सामन्यांत या माणसाने किमान दहा गुण केले होते. जानेवारी २००७पासून न तुटलेली ही माळ. एक साधा दोन गुणांचा बास्केट पडला असता तर माळही टिकली असती आणि सामनाही जिंकला असता. बचाव त्याच्याकडे ओढला गेला, त्याने कोपऱ्यात मोकळ्या असलेल्या रुई हाचिमुराला पास दिला, हाचिमुराने थ्री, म्हणजे लांबून तीन गुणांचा बास्केट, मारला. १२३-१२०. लेकर्स जिंकले, माळ तुटली.

संध्याकाळी आमच्या कोर्टवर याच गोष्टीवरून जुंपली. कॉलेज रोडच्या मागच्या बाजूला एका शाळेचं मैदान आहे, तिथे आम्ही वीस-पंचवीस जण खेळतो. बरीचशी पोरं विशीतली, काही आमच्यासारखे चाळिशी ओलांडलेले. पोरांचा आपापसात फॅन्टसीचा डाव चालतो: खऱ्या खेळाडूंचा कागदी संघ निवडायचा आणि त्यांच्या सामन्यांतल्या आकड्यांवर गुण मोजायचे. पैसे लावून खेळायचे ॲप ऑगस्ट २०२५च्या कायद्याने बंद झाले, तेव्हापासून यांचा हिशेब मिसळीवर आला आहे. आठवड्याच्या गुणांत जो तळाला, त्याने रविवारी सगळ्यांना मिसळ द्यायची. त्या सकाळी लेब्रॉनवर भरवसा ठेवून टीम लावलेला एक जण तळाला गेला होता आणि संतापला होता. ‘‘दादा, संपला तो. चाळिशीचा माणूस. आता बसवायला पाहिजे.’’ दुसऱ्याने लगेच मोबाईल काढून मागच्या हंगामाचे आकडे वाचले: सामन्यामागे २४.४ गुण, ७.८ रिबाउंड (चुकलेल्या नेमानंतर पकडलेला चेंडू), ८.२ असिस्ट (ज्यावर लगेच बास्केट पडतो तो पास). ‘‘याला संपला म्हणतोस?’’ अर्धा तास हे असंच चाललं. सामना कसा जिंकला, हे कुणी विचारलंच नाही.

मी पंचेचाळिशी ओलांडली आहे, आणि कोर्टवर अजून उतरतो. त्यामुळे या वादात मी तटस्थ नाही, हे आधीच कबूल करतो. पण दोन्ही बाजू चुकीची पट्टी घेऊन मोजत होत्या, असं माझं म्हणणं आहे. फॅन्टसीतले गुण खोटे नसतात. ती जमेची वही असते, आणि तिला खर्चाचं पान जवळजवळ नसतंच. तरुण खेळाडूच्या बाबतीत ही उणीव फारशी बोचत नाही. वय झालेल्या खेळाडूच्या बाबतीत सगळा प्रश्नच त्या न लिहिलेल्या पानाचा असतो. ‘अजून किती करतो’ याचं उत्तर वहीत सापडतं. ‘त्याच्यामुळे संघाचं काय होतं’ याचं सापडत नाही.

हे हवेतलं बोलणं नाही, हिशेब करून बघा. फॅन्टसीची एक रूढ पद्धत अशी आहे: प्रत्येक गुणाला एक, रिबाउंडला १.२, असिस्टला १.५, स्टील (समोरच्याकडून हिसकावलेला चेंडू) आणि ब्लॉक (हवेत अडवलेला नेम) यांना प्रत्येकी तीन, आणि चेंडू गमावला तर एक वजा. यात चुकलेल्या नेमाला काय शिक्षा आहे? काहीच नाही. १३ एप्रिल २०१६ रोजी लेकर्सचा कोबी ब्रायंट कारकिर्दीतला शेवटचा सामना खेळला. ५० वेळा नेम धरला, २२ पडले, ६० गुण झाले. उरलेले २८ नेम या वहीच्या लेखी कधी घडलेच नाहीत. आणि त्या टोरांटोच्या रात्रीचं बघा. लेब्रॉनने स्वतः दोन गुणांचा बास्केट मारला असता तर वहीत दोन जमा झाले असते. पास दिला म्हणून दीड. ज्या निर्णयाने सामना जिंकला, त्या निर्णयाची किंमत या पट्टीने अर्ध्या गुणाने कमी भरते. पट्टी लबाड आहे असं मी म्हणत नाही. फूटपट्टीने ताप मोजायला गेलं तर दोष फूटपट्टीचा नसतो.

आता वयाचा संबंध कुठे येतो ते पाहू. बास्केटबॉल खेळलेल्या कुणालाही हे अंगाने माहीत असतं की म्हातारपण सगळीकडे एकदम येत नाही. हाताचा नेम टिकतो. उंची कुठे जात नाही. पास कधी आणि कुठे द्यायचा, ही नजर तर वयाबरोबर वाढते. आधी जातात ते पाय. समोरचा डावीकडे सुटला की त्याच्याबरोबर बाजूला सरकणं, आपला नेम चुकला की उलट धावत बचावाला पोचणं, एकदा उडी मारून खाली आल्यावर लगेच दुसऱ्यांदा उडणं. पहिल्या यादीतल्या बहुतेक गोष्टींना वहीत गुण मिळतात, दुसऱ्या यादीतल्या जवळजवळ कशालाच नाहीत. म्हणजे पस्तिशीनंतर जमेची बाजू बरीच वर्षं तशीच राहू शकते आणि खर्च मात्र गुपचूप दुप्पट होतो. आमच्या कोर्टवर मी उलट धावत परत येईपर्यंत समोरच्यांचा बास्केट पडून झालेला असतो. तो बास्केट माझ्या नावावर कुठेच लिहिला जात नाही.

त्यात चेंडू काही अमर्याद नसतो. एनबीएच्या सामन्यात एका संघाला साधारण शंभर वेळा चेंडू घेऊन चाल करता येते. कुणी एक जास्त घेतो म्हणजे दुसरा कुणी तितका कमी घेतो. कोबीच्या त्या अखेरच्या हंगामात लेकर्सने ८२ पैकी १७ सामने जिंकले, संघाच्या इतिहासातला तो नीचांक. कोबीचे शंभरातले जेमतेम ३६ नेम पडत होते, तरी सरासरी १७.६ गुणांची होती. जमा म्हणून वाईट नाही. त्याच संघात तेव्हा जॉर्डन क्लार्कसन, ज्युलियस रँडल आणि डी’अँजेलो रसेल ही तीन तरणी पोरं होती. पुढे रसेल २०१९मध्ये ऑल-स्टार झाला, म्हणजे लीगच्या निवडक ताऱ्यांत गणला गेला, २०२१मध्ये रँडलला सर्वाधिक सुधारणा केलेल्या खेळाडूचा आणि क्लार्कसनला सर्वोत्तम राखीव खेळाडूचा किताब मिळाला. तिघंही तोवर दुसऱ्या संघांत गेले होते. कोबी नसता तर ते लेकर्समध्येच फुलले असते, असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण जे चेंडू त्यांच्या हातात आले नाहीत, त्यांचा हिशेब कुठे आहे?

याच्या अगदी उलट उदाहरण त्याच हंगामात सॅन अँटोनिओ स्पर्स या संघात घडत होतं. टिम डंकन, वय ३९. सामन्यामागे ८.६ गुण. कारकिर्दीतला सगळ्यात कमी आकडा. कुणीही शहाणा माणूस त्याला आपल्या फॅन्टसी संघात घेणार नाही. त्या वर्षी स्पर्सने ८२ पैकी ६७ सामने जिंकले, त्या संघाचा हा विक्रम आहे, आणि त्यांचा बचाव संपूर्ण लीगमध्ये सर्वोत्तम होता. डंकन काय करत होता? बास्केटखाली उभा राहून आत येणाऱ्याची वाट अडवत होता, सहकाऱ्यासाठी भिंत होऊन स्क्रीन लावत होता, चेंडू आला की पुढच्याला देत होता. मानधनाचाही हिशेब बघा, कारण संघाच्या एकूण पगारावर एनबीएत मर्यादा असते. कोबी त्या वर्षी अडीच कोटी डॉलर घेत होता, डंकन सुमारे ५० लाख. त्याच उन्हाळ्यात स्पर्सना लामार्कस ऑल्ड्रिजसारखा मोठा खेळाडू घेता आला. अशा जागा कुणीतरी कमी घेतल्यावाचून होत नाहीत.

एवढं वाचून समोरच्या बाजूचा चाणाक्ष माणूस मला जिथे पकडेल, ती जागा मला ठाऊक आहे. आजवर मी ऐकलेला सर्वांत दमदार आक्षेप हाच आहे. तो म्हणेल, न दिसणारं योगदान हे वशिलेबाजीचं आवडतं आश्रयस्थान असतं. निवड चाचणीत ‘अनुभव’, ‘संघात असला की फरक पडतो’, ‘पोरं त्याला मानतात’ हे शब्द आले की समजावं, आज कुणाचा तरी पत्ता कापला जाणार. हे मी भोगलं आहे. एकोणीस वर्षांचा असताना एका निवडीत माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठ्या खेळाडूला याच शब्दांवर घेतलं गेलं. तेव्हा कुणी गुणांचा तक्ता ठेवला असता तर मी तो घेऊन भांडलो असतो. आकड्यांनी हे उपकार केलेच आहेत. सातपूरच्या कामगार वस्तीत वाढलेल्या, एकही सामना प्रत्यक्ष न पाहिलेल्या पोराला फॅन्टसीमुळे कळतं की रिबाउंड नावाची काही चीज असते आणि ती घेणारा नेहमी स्टारच असतो असं नाही. डोळ्यांपेक्षा आकडे प्रामाणिक, हे दहातल्या आठ वेळा खरं आहे.

तरीही हा आक्षेप एका पायरीवर थांबतो. न मोजलेलं म्हणजे न मोजता येणारं नव्हे. खेळाडूचं जे काम त्याच्या स्वतःच्या आकड्यांत दिसत नाही, ते इतरांच्या आकड्यांत आणि निकालात दिसलंच पाहिजे. तो कोर्टवर असताना संघ किती गुणांनी पुढे गेला, तो बसल्यावर किती मागे पडला, असा हिशेब एनबीएत अनेक वर्षं ठेवला जातो. एकट्या सामन्यात तो फसवा असतो, सोबत कोण खेळतंय यावर फार हलतो, पण बरेच सामने साठले की बोलू लागतो. तेव्हा वशिल्यावर खरा उतारा असा, की ‘फरक पडतो’ म्हणणाऱ्याला विचारायचं, कुणाच्या खेळात पडतो, दाखवा. माझ्या त्या निवडीतल्या ज्येष्ठाला हा प्रश्न कुणी विचारला नाही. विचारला असता तर कदाचित त्याच्या बाजूनेही उत्तर निघालं असतं. हे लिहायला मला सत्तावीस वर्षं लागली.

आमच्या कोर्टवर याची रोकडी परीक्षा दर रविवारी होते. एक काका येतात, सातपूरच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, अठ्ठावन्न वर्षांचे, दोन्ही गुडघ्यांना पट्टे. आमच्यात नियम असा की अकरा बास्केटचा डाव, जिंकेल तो संघ कोर्टवर राहतो, हरेल त्याने बाहेर बसून पुढच्या पाळीची वाट बघायची. काका अख्ख्या सकाळी मिळून तीन-चार बास्केट मारत असतील. पण ते ज्या संघात असतात तो संघ बाहेर बसताना फारसा दिसत नाही. ते करतात काय? फ्री-थ्रोच्या रेषेजवळ असे उभे राहतात की आपल्या पोराचा पाठलाग करणारा त्यांच्यावर आदळतो. बचावात सतत बोलतात: ‘‘डावीकडून येतोय, सोडू नको, मी आहे.’’ चेंडू हातात आला की सेकंदाच्या आत दुसऱ्याकडे. दोन कर्णधार आळीपाळीने खेळाडू निवडायला उभे राहतात, तेव्हा काकांचं नाव दुसरं किंवा तिसरं येतं. निवडणारी पोरं तीच असतात, जी तासाभराने मोबाईलवर लेब्रॉनचे गुण मोजत भांडतात. मिसळ पणाला असते तेव्हा ती वही बघतात आणि उन्हात बाहेर बसायची वेळ येते तेव्हा काकांना बघतात. माझा अर्धा युक्तिवाद ती स्वतःच करत असतात, फक्त त्यांच्या ते लक्षात येत नाही.

दुसरा आक्षेप भावनेचा आहे आणि तो खोडून काढायची माझी इच्छाही नाही. खेळ शेवटी कुणासाठी असतो? कोबीच्या त्या ६० गुणांनी त्या रात्री जो आनंद दिला, तो ६७ सामने जिंकणाऱ्या स्पर्सना तरी देता आला का? टाचेची शीर तुटून कोबी बाहेर बसलेला असताना, नोव्हेंबर २०१३मध्ये लेकर्सने त्याच्याशी दोन वर्षांचा ४ कोटी ८५ लाख डॉलरचा करार केला तो पुढच्या विजयांसाठी नव्हताच, सतरा वर्षांच्या नात्यासाठी होता. आपल्याकडे २८ मार्च २०२५ रोजी चेपॉकवर धोनी नवव्या क्रमांकावर उतरला, १६ चेंडूंत नाबाद ३० केल्या, मैदान दणाणलं आणि चेन्नई ५० धावांनी हरली. त्या प्रेक्षकांना मूर्ख म्हणणारा मी कोण? मीही टीव्हीसमोर उभा होतो. देव पाहायला गेलेला माणूस पालखीचा वेग मोजत नाही. हरकत एवढीच आहे की जत्रेला जत्रा म्हणावं. नवव्या क्रमांकावरच्या त्या ३० धावा ‘बघा, अजून सामने जिंकून देतो’ याचा पुरावा म्हणून दुसऱ्या दिवशी पुढे करू नयेत. चेन्नई त्या हंगामात दहापैकी दहाव्या क्रमांकावर राहिली.

आणि मराठी माणसाच्या दुखऱ्या जागी बोट ठेवायचंच तर १६ मार्च २०१२, मीरपूर. सचिनचं शंभरावं शतक. वर्षभर अख्खा देश त्या एका आकड्याची वाट बघत होता आणि त्या वाट बघण्याचं ओझं एका माणसाच्या बॅटवर होतं. १४७ चेंडूंत ११४. भारत ५ गड्यांनी हरला, तेही बांगलादेशकडून. पराभवाचं खापर सचिनवर फोडणं अन्याय आहे, २८९ धावांचं रक्षण गोलंदाजांना करता यायला हवं होतं. पण त्या रात्री आपल्यापैकी किती जणांना पराभव आठवत होता? मला नव्हता. पेढे वाटलेले आठवतात.

ही सवय आपल्याला क्रिकेटने लावलेली नाही, ती जुनी आहे. गंगापूर रोडने जाताना आनंदवल्ली लागते, राघोबादादांच्या मुक्कामाचं गाव. १७५८मध्ये त्यांच्या फौजा अटकेपर्यंत पोचल्या आणि भाषेला एक वाक्प्रचार मिळाला. ‘अटकेपार झेंडे’ आजही प्रत्येक सत्कारसमारंभात फडकतात. ती मोहीम दौलतीवर कर्जाचा डोंगर ठेवून परतली आणि पुण्यात सदाशिवरावभाऊंनी त्यावरून जाब विचारला, हे इतिहासाच्या पुस्तकात असतं, वाक्प्रचारात नसतं. बरं, तोच हिशेब मागणारे भाऊ तीन वर्षांनी पानिपतावर उभे होते तेव्हा मल्हारराव होळकर पासष्टी ओलांडलेले होते. या जुन्या खोडाचं म्हणणं होतं की जडशीळ तोफखान्याच्या आधाराने एका जागी अडकून लढू नये, आपली पळती, हूल देणारी लढाई लढावी. ते मानलं गेलं नाही. मानलं असतं तर पानिपत टळलं असतं का, यावर अडीचशे वर्षं शाई खर्च झाली आहे आणि ती वाढवायची मला हौस नाही. मला त्यातून एवढंच उचलायचं आहे की म्हाताऱ्या सरदाराची किंमत किती घोडी घेऊन आला यावर धरायची की काय बघून आला यावर, हा प्रश्न बास्केटबॉलवाल्यांनी शोधून काढलेला नाही.

द्राक्षवाल्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. दिंडोरीकडच्या कुठल्याही बागाईतदाराला विचारा, ऑक्टोबर छाटणीनंतर वेलीवर दिसतील तेवढे सगळे घड ठेवले तर काय होतं? मोजायला घड भरपूर, मणी फुगत नाहीत, गोडी उतरत नाही आणि वेल पुढच्या वर्षाला दमते. म्हणून विरळणी करतात. चांगले दिसणारे घडही काढून टाकताना हात अडतो, पण टाकतात. जुन्या बागेत तर जास्तच जपून.

मग लेब्रॉनचं काय? तो कोबी की डंकन? इथेच आमच्या कोर्टवरची दोन्ही टोळकी तोंडघशी पडतात, कारण तो दोन्ही आहे, वेगवेगळ्या वर्षी. २०१९-२०मध्ये पस्तिशीत त्याने गुणांचा हव्यास कमी केला, सामन्यामागे १०.२ असिस्ट देऊन आयुष्यात एकदाच लीगमध्ये त्या यादीत पहिला आला आणि लेकर्स विजेते झाले. दोन वर्षांनी सरासरी ३०.३ गुण, डोळे दिपवणारा आकडा, आणि संघ ३३ विजय, ४९ पराभव. संघातला दुसरा मोठा खेळाडू अँथनी डेव्हिस निम्मा हंगाम जायबंदी होता, संघाची मोट वाईट बांधली होती, हे सगळं मान्य. तरीही एकाच माणसाच्या दोन वर्षांत जमा आणि निकाल इतके उलट्या दिशेला जाऊ शकतात, तर ‘संपला’ हे काय आणि ‘आकडे बघा’ हे काय, दोन्ही वाक्यं अर्धवट आहेत. २०२४ आणि २०२५ या दोन्ही वर्षी आकडे झळझळीत असताना लेकर्स पहिल्याच फेरीत १-४ असे बाहेर गेले. आणि आता आठ गुणांच्या रात्री, ज्या रात्री त्याच्या नावे मिसळीचं बिल फाटलं, त्याने सामना जिंकून देणारा पास दिला. १७ पैकी १३ नेम चुकवलेल्या माणसाने अठरावा धरला नाही. ते त्याला बारा वर्षांपूर्वी जमलं असतं का, मला शंका आहे.

हे सगळं पोरांना ऐकवल्यावर त्यातला एक, इंजिनिअरिंगला आहे, म्हणाला, ‘‘दादा, मग खर्चाचं पानही लिहू ना. अवघड काय आहे?’’ पुढच्या रविवारी तो खरंच शंभर पानी वही घेऊन आला आणि गुडघा दुखावल्याचं निमित्त करून कट्ट्यावर बसला. प्रत्येकाच्या नावापुढे दोन रकाने. डावीकडे बास्केट, रिबाउंड, पास. उजवीकडे चुकलेले नेम, गमावलेले चेंडू, आणि ज्याला अडवायचं होतं त्याने मारलेले बास्केट. त्या सकाळी मी तीन डाव खेळलो. तिन्ही डावांत माझ्या संघात सगळ्यात जास्त बास्केट माझेच होते. तिन्ही डाव आम्ही हरलो. काका समोरच्या बाजूला होते, त्यांच्या उजव्या रकान्यात दोन खुणा होत्या. माझा उजवा रकाना पानाखाली उतरला म्हणून त्याने मागच्या पानावर चालू केला होता. मिसळ खाताना ती वही टेबलावर फिरत होती, माझ्यापर्यंत आली तेव्हा तर्रीचा डाग पडला होता, पण खुणा वाचता येत होत्या. वही अजून त्याच्याकडेच आहे. मी मागितलेली नाही.